उकर्डाभाऊंचं आवतन

मागच्या उन्हाळ्यात मेहकरात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या समोरच्या गृहस्थांनी बुंदी मागून घेता घेता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की लोणार रोडवरचा तो लाकडी बैलांचा कारखाना होता ना, तो उकर्डाभाऊंनी एका दिवसाच्या हट्टापायी बुडवला. आणि तरी माणूस मरेपर्यंत शहाणा झाला नाही. अन्नावरून उठू नये असं मला माहेरी शिकवलंय, म्हणून मी उठले नाही. पण वरणाची वाटी बाजूला सारली आणि त्यांना विचारलं, तुम्ही किती वर्षं होतात त्या कारखान्यात? ते म्हणाले, मी कशाला असेन? मग गप जेवा, म्हटलं. आमच्या ह्यांनी पायानं खूण केली, ती मला कळली नाही असं नाही. ह्यांची सगळी नोकरी तहसिलीत कारकुनी करण्यात गेली, त्यामुळे कोणाला दुखवायचं नाही हा त्यांचा धर्म झालाय. माझा नाही.

घरी आले तरी राग उतरेना, अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. ज्यांना बुंदीबरोबर दुसऱ्याचं आयुष्य चघळायची सवय आहे त्यांनी हे वाचू नये, आणि वाचलंच तर शेवटपर्यंत वाचावं.

उकर्डा हे नाव ऐकून बाहेरची माणसं हसतात. आमच्याकडे हसत नाहीत. आधीची लेकरं जगली नाहीत म्हटल्यावर आईनं हे लेकरू जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून घेतलं, म्हणजे टाकलेलं लेकरू म्हणून मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये. मृत्यूचं माहीत नाही, पण बँकेच्या साहेबाची नजर त्या नावावर पडली. कर्जाच्या वेळी त्यानं सुचवलं की पाटीवर यू. के. इंडस्ट्रीज असं लिहा, चांगलं दिसेल. भाऊंनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “सायेब, उकर्ड्याबिगर वावर पिकत नाई.” पाटी लागली ती अशी: ‘उकर्डाभाऊ यांचा लाकडी बैल कारखाना’. अक्षरं मीच रंगवली होती. ‘कारखाना’मधला ‘र’ जरा तिरका आला होता. पुसू का म्हणून विचारलं तर म्हणाले राहू दे, तेवढ्यानं बैल लंगडत नाही.

माझं त्यांच्याकडे जाणं असंच झालं. लग्न होऊन मी लोणारहून मेहकरात आले तेव्हा आमची खोली कारखान्याच्या समोरच होती. सकाळी दारात रांगोळी काढायची, ती ते येता-जाता बघत. एक दिवस त्यांच्या बायकोला, गोदावहिनींना, पाठवलं, की लोणारवालीचा हात बरा आहे, शिंगं रंगवेल का विचार. आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात, त्यामुळे तेव्हापासून मी त्या कारखान्यात लोणारवालीच राहिले. माझं खरं नाव भाऊंना माहीत होतं की नाही, देव जाणे.

बैल कशाला लागतात इतके, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडात आणि तिकडे नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळा खऱ्या बैलांचा, तान्हा पोळा लेकरांचा. चाकं लावलेला लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत लेकरं घरोघर जातात आणि घरची माणसं बैलाची पूजा करून लेकरांच्या हातावर काहीतरी ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. म्हणजे वर्षभर बनवायचं आणि एका दिवसात विकायचं, असा हा धंदा. शहाण्या माणसानं करू नये असाच. भाऊंनी तो रिकाम्या गोठ्यात एका खरादावर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, सुरू केला. घरची खरी बैलजोडी ट्रॅक्टर आल्यावर वडिलांनी विकली होती, आणि गोठा मोकळा पडला होता. एवढंच ते सांगत. त्यापुढचं कधी बोलले नाहीत, आणि मी उकरून काढलं नाही.

उंच, किंचित वाकलेला माणूस. पांढरा पायजमा, वर बंडी, मिशांमध्ये आणि कानांच्या केसांत कायम लाकडाचा भुसा. कोणाला मोठ्यानं बोलायचे नाहीत. मोठ्यानं बोलायचे ते फक्त मशीनला. लाइट गेली की खरादाला अशा शिव्या द्यायचे की आम्ही बायका पदर तोंडाला लावायचो. आणि खोड म्हणाल तर एक होती, जिच्यावर सगळं मेहकर हसायचं. नव्या लॉटमधला एक बैल उचलायचा, त्याला दोरी लावायची आणि स्वतः ओढत ओढत कारखान्यापासून बसस्टँडपर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. एवढा बाप्या माणूस, मिशांचा, वीतभर बैलाला “हो, हो, दमानं” करत भर रस्त्यानं चाललाय. लोणार गाडीचा कंडक्टर एकदा खिडकीतून ओरडला, भाऊ, याचं अर्धं तिकीट फाडू का? भाऊ थांबले, बैल रस्त्याच्या कडेला घेतला आणि सांगितलं, की हा चालत जाणारा आहे, तुझी गाडी रोज ढकलावी लागते. गाडीतले पॅसेंजर हसले, कारण सकाळीच त्यांनी ती ढकलली होती.

मी एकदा विचारलं, इथं अंगणात ओढून बघितलं तर चालणार नाही का? ते म्हणाले, “चालून पाह्यल्याशिवाय बैल कोनी इकत घेते का? अन् लेकरू काय अंगनात ओढनार हाये? ते रस्त्यानंच ओढन ना.” बसस्टँडपर्यंत जाऊन आलेला बैल कसा आहे त्यावर लॉटचं नशीब ठरायचं. तोंडावर पडणारा असला तर तो मारका. एका बाजूला ओढत असला तर अडेल. आणि मारका किंवा अडेल निघाला की सगळ्या लॉटची चाकं काढायची, आस नवे बसवायचे. खरादावरचे बब्बूचाचा कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, भाऊ, लाकडाचा आहे, त्याला काय स्वभाव असतो? त्यावर भाऊंचं ठरलेलं उत्तर होतं, जे पुढे आम्हीही एकमेकींना चेष्टेनं ऐकवायचो: “बैल लाकडाचा असन. मालक लाकडाचा नाई.”

कारखाना वाढला तो असाच. गोठ्याची पत्र्याची लांब शेड झाली. संग्रामपूरकडून, सातपुड्याच्या पायथ्याकडून, परवान्याचं हलकं लाकूड यायचं. बब्बूचाचांच्या हाताखाली खराद वाढले. आम्ही बायका पॉलिशपेपर घासायला, रंगवायला, झुली शिवायला. अकोला, अमरावती, वर्धा, शेवटी नागपूर. श्रावणात शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे पांढरे बैल वाळत उभे. शिंगं मी निळी आणि लाल करायची. डोळे मात्र भाऊ स्वतः काढत, आणि काढताना कोणाशी बोलत नसत. गावातल्या ज्या बायकांना नवऱ्याकडे बांगड्यांसाठी हात पसरावा लागायचा, त्या दिवाळीला सासूला लुगडं आणायला लागल्या. हे त्या बुंदीवाल्याला कोणी सांगितलं नसेल.

आता त्या कारखान्याची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं तो खांदा गरम पाण्यानं शेकायचा, पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. एकदा आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी तो बैल घरचा पाहुणा. त्याच्या खांद्यावर कोणी साधी दोरीसुद्धा ठेवत नाही. भाऊ हे कारखान्यात करायचे. शिल्लक असलेले सगळे बैल ओळीनं मांडायचे, गोदावहिनी तुपाची वाटी घेऊन उभ्या, आणि भाऊ एकेकाच्या खांद्याला बोट लावून तेच म्हणायचे. पोळ्याच्या दिवशी खरादांवर चादर. कोणी खिळा ठोकायचा नाही, कोणी बैल जागेवरून हलवायचा नाही. आम्ही सगळे, बब्बूचाचांसकट, पुरणपोळी जेवायला. पहिलं ताट बैलांपुढे.

भाऊ भाविक होते म्हणून हे करत होते असं कोणी समजू नये. बालाजीच्या देवळात ते वर्षातून एकदा गेले तर गेले. मी एकदा म्हटलं होतं, भाऊ, देवाचं तुम्ही काही करत नाही आणि लाकडाला जेवायला बोलावता. ते म्हणाले, देवाचं मला कळत नाही, पण बोलावलं की जेवू घालावं लागतं एवढं कळतं.

तर त्या वर्षी नागपूरच्या एका शेठची मोठी ऑर्डर होती, आजवरची सगळ्यात मोठी. पुढच्या वर्षीचं लाकूड त्याच्याच ॲडव्हान्सवर यायचं होतं. म्हणजे ही ऑर्डर पोचली तर कारखाना मोठा होणार, नाही पोचली तर लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न. हे सगळ्यांना माहीत होतं, कोणापासून लपलेलं नव्हतं. आणि तो श्रावण असा की लाइट राहीना आणि दमट हवेत रंग वाळेना. आम्ही चुलीतल्या निखाऱ्यांची घमेली शेडमध्ये ठेवून रंग वाळवले. कसाबसा माल खांदेमळणीच्या दिवशी सकाळी तयार झाला. शेठचा ट्रक दुपारपर्यंत येणार होता. पोळ्याच्या संध्याकाळी नागपुरात बैलांची खरी गर्दी असते, त्याच्या आत माल पोचायला हवा होता.

दुपार झाली, ट्रक नाही. चार वाजले, नाही. एसटीडी बूथवरून फोन केला तर कळलं की ट्रकचा पाटा तुटलाय, अकोल्याच्या अलीकडे उभा आहे. दिवेलागण झाली. गोदावहिनींनी तूप पातळ करून ठेवलं होतं, ते परत थिजलं. बब्बूचाचा भाऊंच्या जवळ गेले आणि म्हणाले, “भाऊ, इस साल रहने दो. आवतन देल्लं नाई तर सकाळी भरता येते.” म्हणजे बब्बूचाचांनी पळवाट शोधून दिली होती, आणि चांगली होती. आवतन दिलंच नाही तर बैल पाहुणा होत नाही, पोळ्याच्या दिवशी माल भरायला मोकळे. आम्ही सगळ्या भाऊंच्या तोंडाकडे बघत होतो. मनातून मलाही वाटत होतं की चाचांचं ऐकावं.

भाऊंनी बैलांच्या ओळींकडे बघितलं. मग म्हणाले, “ट्रक आला नाई, त्यात या बैलायचा काय गुन्हा? सालभर उभे हायेत बिचारे.” आणि वहिनींना म्हणाले तूप गरम कर. त्या सगळ्या ओळींना, शेवटच्या बैलापर्यंत, त्यांनी आवतन दिलं. खाली वाकून वाकून त्यांची कंबर धरली, तरी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

ट्रक आला पोळ्याच्या सकाळी, उन्हं अंगणात आली तेव्हा. सोबत शेठचा मुनीम. त्यानं उतरल्या उतरल्या माल भरा म्हटलं. भाऊ म्हणाले, उद्या सकाळी. मुनिमाला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग त्याला कळलं, आणि तो आधी हसला, मग चिडला, मग हात जोडायला लागला. शेठ पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाही म्हणाला. प्रमोद, भाऊंचा मुलगा, तेव्हा नुकता कॉलेजातून आला होता. त्यानं बापाला बाजूला नेऊन समजावलं. गावातले दोन प्रतिष्ठित आले, त्यांनी शास्त्र काढलं, की हे लाकूड आहे, लाकडाला पोळा लागू नाही. भाऊ सगळ्यांचं ऐकत होते. कोणालाही उलट बोलले नाहीत. शेवटी मुनीम गोदावहिनींकडे वळला. म्हणाला, वहिनी, तुम्ही तरी सांगा, तुमच्या घराचा प्रश्न आहे.

गोदावहिनी ह्या माणसाच्या हट्टानं आयुष्यभर पोळलेली बाई. मला वाटलं, आता बोलते. त्या मुनिमाला म्हणाल्या, “तुमी बी जेवूनच जा आता. पुरन सिजलं हाये.”

मुनीम जेवला नाही. तणतणत बसनं गेला. ट्रकचा ड्रायव्हर मात्र पोटभर जेवला आणि ट्रकखाली सावलीत घोरत पडला. दुसऱ्या दिवशी उजाडता बैल भरायला घेतले, तोच बूथवाला निरोप घेऊन आला, की शेठनं माल नको सांगितलाय. भरलेले बैल परत उतरवले. शेडमध्ये सगळे उभे राहिले, मी रंगवलेली शिंगं वर करून. मला रडू येत होतं, आणि रागही येत होता, भाऊंचाच. हे खरं ते सांगितलंच पाहिजे.

आणि तेव्हा त्या माणसानं काय केलं असेल? कोपऱ्यातून दोरीचं बंडल आणलं. एका बैलाला दोरी लावली आणि आम्हाला म्हणाले, आज तान्हा पोळा आहे, बैल आपण केले, आपणच का नाही फिरवायचे? मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. पण बब्बूचाचांनी एक बैल उचलला. मग गोदावहिनींनी. मग आम्ही सगळ्यांनी. लेकुरवाळ्या बायका, कोणाला नातवंडं झालेली, लाकडी बैल ओढत मेहकरच्या बाजारातून निघालो. पहिल्या वळणापर्यंत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोट्टे शिट्ट्या वाजवत होते. पण पुढे भाऊ होते, बसस्टँडला जातात तसे, “हो, हो, दमानं” करत, मान ताठ. बाजारात एका किराणावाल्याच्या म्हाताऱ्या आईनं थांबवलं, भाऊंच्या बैलाला कुंकू लावलं आणि भाऊंच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. बोजारा. साठीला टेकलेल्या माणसाला बोजारा. तो त्यांनी तिथंच तोंडात टाकला. मग घराघरातून बायका निघाल्या. आम्ही परत आलो तेव्हा पदरात खोबरं, शेंगदाणे, गूळ मावत नव्हतं, आणि मला कोणाची लाज वाटत नव्हती. हरलेली माणसं अशी दिसत नाहीत, एवढं मी सांगते.

पण कारखाना खाली आला तो तिथूनच. खोटं कशाला बोलू? पुढच्या वर्षी शेठनं दुसरीकडून प्लॅस्टिकचे बैल आणले. पोटात सेल, डोळ्यांत लाल दिवे, दाबलं की गाणं म्हणणारे. हळूहळू अकोल्यानं तेच घेतले, मग अमरावतीनं. माझं म्हणणं, ते बैल येणारच होते, पोळ्याला ट्रक भरला असता तरी येणार होते. पण लोकांना एक दिवस आणि एक माणूस दाखवायला बरं पडतं. प्रमोदनं तसला एक बैल घरी आणला तेव्हा मला वाटलं भाऊ तो फेकून देतील. त्यांनी त्याला दोरी लावली आणि बसस्टँडला जाऊन आले. आम्ही सगळे फाटकात उभे. आल्यावर म्हणाले, चाल चांगली आहे. मारका नाही, अडेल नाही. लेकरांना चालणारा बैल पाहिजे होता, मिळाला. आणि आत जाऊन स्वतःच्या बैलाचे डोळे काढायला बसले. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवून आपला विकायचा, हे त्या माणसाच्या रक्तात नव्हतं.

खराद एकेक करून विकले गेले. बब्बूचाचा मुलाकडे जालन्याला गेले, तिकडेच वारले. आम्ही बायका पांगलो. मी घरी शिवणयंत्र घेतलं. शेवटी शेडमध्ये भाऊ आणि पहिला जुना खराद एवढेच उरले. सबंध वर्षात जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे बैल व्हायचे. कोणी विचारलं कारखाना बंद झाला का, तर ते म्हणायचे, “मी बंद झालो का?”

प्रमोद वाईट नाही, हे मी स्पष्ट सांगते. बापाचा हट्ट भोगून त्यानं घर सांभाळलं. काही वर्षांपूर्वी मोबाइलवरून मागवलेल्या सामानाची पार्सलं गावोगाव पोचवणाऱ्या एका कंपनीला त्यानं शेड भाड्यानं दिली. रीतसर बापाला विचारून. भाऊंनी एका कोपऱ्यात आपला खराद ठेवून घेतला, बाकी हो म्हणाले. पांढऱ्या बैलांच्या जागी खाकी खोके आले. त्या खोक्यांतून लेकरांसाठी प्लॅस्टिकचे बैलही जायचे, आणि भाऊ खुर्ची टाकून ते जाताना बघायचे. अंगणात चार छोट्या मालगाड्या उभ्या असायच्या, रोज सकाळी भरून निघायच्या. भाऊ त्यांचे आवाज ऐकून सांगायचे, ती निळी आज कण्हत आहे, तिला दाखवा. आणि खरंच दाखवावी लागायची.

शेवटच्या पोळ्याची गोष्ट. आदल्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे खांदेमळणीला गेले. बैल यंदा तीनच होते. भाऊंचं वय आता ऐंशीच्या घरात, हात कापायला लागलेले. तिघांना आवतन देऊन झालं, वाटीत तूप उरलं. ते वाटी घेऊन अंगणात गेले. चार गाड्या उभ्या होत्या. त्यांच्याभोवती फिरले, खांदा कोणता म्हणावा ते बघत असावेत. मग पुढच्या चाकावरच्या मडगार्डला तूप-हळद चोळली. एकीला, दुसरीला, चौघींना. आणि वाकून तेच म्हणाले. कंपनीचा मॅनेजर, बाहेरगावचा तरुण मुलगा, त्यानं हसत हसत मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं. मीही हसले. मला वाटलं म्हाताऱ्याची हौस.

सकाळी आमच्या दारातून बघते तो भाऊ फाटकाच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले. गाड्या भरलेल्या, इंजिनं चालू, आणि निघायला वाट नाही. मी पूजेचं ताट तसंच टाकून गेले. मॅनेजरचं हसू गेलं होतं, तो वरच्यांशी फोनवर बोलत होता. गाडी अडवली तर करार मोडला असं धरतात, हे प्रमोद मला सांगत होता. मग तो बापापुढे जाऊन उभा राहिला.

“बाबा, एका पोळ्यानं कारखाना गेला. आता भाडंबी जाईन. काऊन असं करून राह्यले तुमी?”

“काल म्या यायले आवतन देल्लं.”

“गाड्या हायेत त्या बाबा. लोखंडाच्या.”

“ते लाकडाचे व्हते, तवाबी सारे असंच म्हनत व्हते.” भाऊंनी वर बघितलं. “लाकडाचा असन का लोखंडाचा असन. मालक कायचा हाये, ते सांग मले.”

प्रमोद बाजूला झाला. बापाला खुर्चीसकट उचलून ठेवणं अवघड नव्हतं, म्हातारा काडीएवढा राहिला होता. पण प्रमोदनं हात लावला नाही, आणि यासाठी मी त्याला मानते.

भाड्याचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्या बुंदीवाल्याला माझ्याआधी सांगायचं सुख नको. भाडं गेलं. कंपनीनं पुढच्या महिन्यात गोदाम दुसरीकडे हलवलं. शेड आज रिकामी आहे. आणि भाऊ थंडीत गेले. हे सगळं धरून, सगळा हिशेब मांडून मी म्हणते, की तो माणूस खुळा नव्हता. आपण सगळे रोज सकाळी आदल्या दिवशीचा शब्द गिळून कामाला लागतो, म्हणून तो आपल्याला खुळा दिसतो.

त्या सकाळचं एवढंच राहिलं. सगळ्यात पुढे निळी गाडी होती. तिचा ड्रायव्हर जानेफळकडचा एक पोट्टा, कानात बाळी, चालू इंजिनावर स्टिअरिंगला हात लावून सगळं ऐकत बसलेला. मॅनेजरनं त्याला खुणेनं सांगितलं, हॉर्न वाजव. त्यानं वाजवला नाही. खिडकीतून वाकून मडगार्डवरची हळद बघितली. मग त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, चपला काढल्या, नळावर जाऊन हातपाय धुतले आणि ओल्या पायांनी भाऊंच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला.

“बाप्पा,” तो म्हणाला, “जेवाले कुठी बसाचं?”

मागची इंजिनं एकेक करून बंद झाली, ते तिघंही नळाकडे गेले. भाऊ गुडघ्यांवर हात टेकून उठले. सकाळपासून पहिल्यांदा. खुर्ची तिथंच राहिली, तिच्याकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. घराकडे चालता चालता त्यांनी आत हाक दिली, “गोदे, ताटं वाढ. पाव्हणे आले.”

आता भाऊ आठवतात ते असे, पाठमोरे, मागून चार ड्रायव्हर ओल्या पायांनी चाललेले. फाटक सताड उघडं होतं. अडवायला कोणी नव्हतं. गाडी एकही निघाली नाही.